नंबर मोठ्यानं वाचा

बिराजदार सरांच्या चुकीनं संस्थेचा सर्व्हर कोरा झाला, असं आमच्या सगळ्या शाखांत आजही सांगतात. बेंबळीच्या शाखेतला शिपाईसुद्धा सांगतो, आणि त्यानं सर्व्हर कधी बघितलेला नाही. सर्व्हर सरांच्या हातून कोरा झाला नाही, माझ्या हातून झाला. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. चार वर्षं गप्प बसायला मला फारसं जडही गेलं नाही, कारण ज्या खुर्चीत बसून मी गप्प होतो ती त्याआधी सरांची होती.

धाराशिवला आमच्या शिक्षणसंस्थेचं मुख्य कार्यालय आहे. तालुक्यांतल्या शाखांचे कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं दर सुट्टीत तिथं यायची आणि बिराजदार सर त्यांना एकच विद्या शिकवायचे. एक डिस्क मेली तरी माहिती मरू नये, म्हणून दोन-तीन डिस्क सॉफ्टवेअरनं एकत्र कशा बांधायच्या, ही ती विद्या. तिला रेड म्हणतात. सर उमरग्याकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि संतापले की दोन्ही एकाच वाक्यात.

पहिल्या दिवशी ते खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढत. तिघांना उभं करत. एकाला चार शेंगा, दुसऱ्याला सात, आणि तिसऱ्याच्या हातात नुसती चिठ्ठी, तिच्यावर अकरा. मग सातवाल्याला बाहेर चहा प्यायला धाडत.

"आता सांगा, गेलेल्याच्या खिशात किती हुत्या?"

"सात, सर."

"तो तर गेला. कसं कळलं?"

"अकरातनं चार वजा केले."

"मग रडायचं न्हाय. एक गेला तर घर चालतंय. दोघं गेले तर मात्र मी बी चहाला जातो."

एकदा येरमाळ्याच्या एका पठ्ठ्यानं वर्ग सुरू असताना आपल्या चारांतल्या दोन शेंगा खाऊन टाकल्या. उत्तर चुकलं. सरांनी टरफलं जप्त केली आणि गुपचूप बिघडलेली डिस्क मेलेल्या डिस्कपेक्षा वाईट कशी, यावर तासभर बोलले. तो पठ्ठ्या पुन्हा प्रशिक्षणाला आला नाही. शेंगाही खात नसावा.

पण सरांचा खरा जीव अडकला होता तो नंबरात. डिस्कला हात लावायचा तर माणसं दोन पाहिजेत. एकानं पडद्यावर दिसणारा, कंपनीनं दिलेला तिचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं डिस्कवर चिकटवलेल्या कागदावरचा. दोन्ही जुळले तरच पुढं. याला कारण होतं. मशीन बंद करून चालू केलं की ते कधीकधी डिस्कांची नावं फिरवतं. काल जिला पहिली म्हणत होतं, तिला आज दुसरी म्हणतं. "नाव फिरतंय, नंबर फिरत न्हाय," हे वाक्य सर जेवणाआधी, जेवणानंतर आणि जेवतानाही म्हणत.

हा नियम डिस्कपुरता राहिला असता तर ठीक होतं. सर एसटीत चढण्याआधी गाडीचा नंबर वाचत आणि कंडक्टरला परत वाचायला लावत. कंडक्टर काय म्हणत, ते इथं लिहिता येत नाही. एका लग्नात तर आहेर हातात घेऊन ते दारातच उभे राहिले. मंगल कार्यालयात त्या दिवशी दोन लग्नं होती. सरांनी वॉचमनला फलकापाशी नेलं, स्वतः पत्रिकेवरचं नवरीचं नाव वाचलं, त्याला फलकावरचं वाचायला लावलं, आणि मगच आत पाऊल टाकलं. आम्ही चौघं सहकारी मात्र थेट दुसऱ्याच लग्नात जेवून आलो होतो. तरी हसलो सरांनाच.

सगळ्यांत जास्त मी हसायचो. सर रागात आकडे कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु. त्याची नक्कल मी कॅन्टीनमध्ये इतकी झकास करायचो की लोक मला चहा पाजत.

मग तो दिवस आला. गुणपत्रकांच्या सर्व्हरमध्ये एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क होत्या, त्यातली एक मेली. सर तामलवाडीच्या शाखेत गेले होते. मी मशीन बंद करून मेलेली काढली आणि नवी डिस्क बसवली. उरलेली जुनी आणि नवी एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा. सरांना फोन लावून त्यांच्या वहीत लिहिलेल्या नंबरांशी पडद्यावरचे नंबर जुळवायचे, एवढंच काम होतं. पण खोलीत प्राचार्य उभे होते, दोन कारकून उभे होते. त्यांच्यासमोर फोनवर एकेक आकडा ओरडायची मला लाज वाटली. ज्याची नक्कल करून चहा प्यायलो, तेच खरोखर करायचं कसं? मी नावावर विसंबलो. नाव फिरलेलं होतं. पहिलीवरून दुसरीवर नक्कल कर, असं मी मशीनला सांगितलं, आणि मशीननं ते प्रामाणिकपणे केलं. रिकामी डिस्क भरलेलीवर उतरली. संध्याकाळी दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या होत्या. एवढी जुळणी सरांनाही कधी जमली नसेल.

बॅकअपसाठी वेगळी डिस्क द्या, असा सरांनी केलेला अर्ज संस्थेच्या कार्यालयात अत्यंत सुरक्षित होता. आजही असेल.

चौकशी झाली. अध्यक्षांनी मला विचारलं, "नंबर जुळवला होता का?"

मी म्हणालो, "हो साहेब. सरांना फोन लावला होता. ते बरोबर आहे म्हणाले."

आदल्या वर्षी सरांच्या पत्नी वारल्या होत्या. तेव्हापासून ते चष्मा विसरायचे, डबा विसरायचे, एकदा पायात दोन वेगळ्या चपला घालून आले होते. हे सगळं हेरून मी खोटं बोललो, असं मला म्हणवत नाही. पण हे सगळं मला माहीत होतं.

सर म्हणाले, "मला आठवत न्हाय साहेब. पर देशमाने म्हणतोय तर आला असंल फोन. माझंच चुकलं असंल."

त्यांचा बटणांचा फोन जुन्या नोंदी ठेवत नव्हता आणि माझा कुणी बघायला मागितला नाही. सर्व्हरमधल्या नोंदी पुसून गेल्याच होत्या. महिनाभर शिक्षकांनी जुन्या कागदांवरून गुण पुन्हा भरले आणि सरांना शिव्या घातल्या. सर त्यांच्याशेजारी बसून गुण वाचून दाखवत होते. प्रशिक्षण माझ्याकडं आलं. सरांना स्टेशनरीच्या खोलीत बसवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

आता ते घरी एकटे असतात. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो.

"देशमाने, बसलाव का? घ्या कागद."

डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स त्यांनी मला देऊन ठेवली आहे. ते गोळीच्या पाकिटावरचं नाव एकेक अक्षर वाचतात, मी चिठ्ठीवरचं वाचतो. जुळलं की पाण्याचा घोट ऐकू येतो. मग ते आज भाजी कोणती, पाणी आलं का, हे विचारत राहतात. दिवसभरात त्यांना दुसऱ्या कुणाचा फोन नसतो, हे मला हळूहळू कळलं.

मागच्या महिन्यात मी म्हणालो, "सर, तुम्हाला स्वच्छ दिसतंय की. एकट्यानं वाचून घेतली तरी चालेल."

"न्हाय बाबा. त्या दिवशी तुमच्या फोनवर मी चुकलो, आन् चुकलेलं मला आठवत बी न्हाय. तवापासनं माझ्या डोक्यावर माझा भरवसा न्हाय." मग म्हणाले, "तुमी साहेबापुढं खरं सांगितलं म्हणून कळलं तरी. दुसरा कुणी असता तर मला सांभाळून घेतलं असतं."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

सर, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तुम्हाला फोन केलाच नव्हता. एवढी दोन वाक्यं मी त्यांचं देणं लागतो, आणि आज सकाळीही मी ती बोललो नाही.