शिकवणीच्या गटात रत्नम्मा

गुरुपादप्पा सरांच्या आईला ‘इतर’ या गटात टाकायला नासिरचा हात धजेना, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

ते दिवस लातूरच्या शिकवण्यांच्या बहराचे. भूकंपानं ज्यांच्या घराच्या भिंती पाडल्या, त्यांची लेकरं आता डॉक्टर व्हायला निघाली होती. गल्लीगल्लीत मेस उघडल्या होत्या, एकेका खोलीत कॉटला कॉट लागली होती आणि घरमालकीणबाईसुद्धा भाडेकरू ठेवताना पोराचे दहावीचे मार्क विचारत होत्या. गुरुपादप्पा सरांच्या भौतिकशास्त्राला तर बाहेर चपला ठेवायला जागा मिळत नसे. होता होता नांदेडकरांनीही सरांना मागणी घातली. सर एक आणि गावं दोन! मग सरांनी लातूरच्या वर्गात कॅमेरा बसवला, नांदेडच्या हॉलमध्ये भिंतभर पडदा आणि पोरांकडं वळवलेला दुसरा कॅमेरा लावला आणि मधली सगळी तार क्लासची मशीनं सांभाळणाऱ्या नासिरच्या गळ्यात घातली. तिसरं ठिकाण निलंग्याचं, सरांच्या घरची ओसरी. तिथेही एक पडदा आणि एक कॅमेरा होता. संध्याकाळी गावातली पोरं शंका विचारायला जमायची. एरवी तिथं सरांची आई रत्नम्मा असायची.

सुरुवातीला नासिर एकेका मशीनला वेगळा नियम लिहायचा. ह्यानं आधी जायचं, त्यानं थांबायचं. एखादं मशीन बदललं की सगळे नियम पुन्हा लिहा, पिशवी उचला आणि एसटी पकडा. त्याची निम्मी जवानी लातूर-नांदेड गाडीच्या खिडकीत चालली होती. मग त्याला एक युक्ती सापडली. ज्या मशीनांचं काम एक त्यांचा गट एक, मग त्या कुठल्याही गावात का असेनात. नियम मशीनला लावायचा नाही, गटाला लावायचा. मशीन बदललं तर नुसतं गटात बसवायचं, नियम आपोआप लागू. त्यानं तीन गट केले. ‘शिकवणी’ला तारेवर सगळ्यात आधी वाट, आणि त्यातलं एक गप्प झालं तर खालच्यानं लगेच जागा घ्यायची. ‘परीक्षा’ त्याच्या मागं. आणि उरलेले सगळे ‘इतर’, म्हणजे मुख्यतः ऑफिसातली मशीनं, ज्यांवर क्रिकेटचा स्कोअर बघितला जाई.

सरांना हे फार आवडलं. फक्त एक गोष्ट सोडून.

“नासिर, माझी माय कुठल्या गटात हाय?”

“सर, ते घरचं हाय न्हवं? तर इतरमध्ये...”

“माझी माय इतर?” सरांचा आवाज चढला. “काही बी होऊ दे, तिच्याकडं लाइन आधी गेली पायजे. समजलं का?”

नासिरला ते समजलं होतं, कारण भूकंपाची गोष्ट सगळ्या क्लासला ठाऊक होती. तेव्हा सर नांदेडच्या वसतिगृहात राहून शिकत होते. पहाटे जमीन हलली आणि निलंग्याचा फोन नुसता वाजत राहिला, कुणी उचलेना. आई आहे की नाही हेच कळेना. शेवटी मिळेल त्या ट्रकमध्ये उभं राहून सर घरी पोचले, तर ओसरी पडलेली आणि रत्नम्मा अंगणात लिंबाखाली बसलेली. तिनं पोराकडं बघून पहिला प्रश्न विचारला, ‘जेवलास का?’ तेव्हापासून सर दिवेलागणीला रोज तिला फोन करत. आता पडद्यावर करत.

खरं तर तिच्यासाठी चौथा गट करायला हवा होता. पण एकट्या मशीनचा गट करायचा नाही, हा नासिरचा स्वतःचाच कायदा. शिवाय एसटीची वेळ झाली होती. त्यानं रत्नम्माला ‘शिकवणी’त टाकलं. त्या गटात पहिला सरांचा कॅमेरा होता आणि त्याखाली जुन्या तासांच्या रेकॉर्डिंगचं मशीन. म्हातारं माणूस रेकॉर्डिंगच्या खाली कसं बसवायचं? अदब म्हणून काही असते. त्यानं रत्नम्माला मधे, दोन नंबरला बसवलं आणि समाधानानं स्टँडकडं पळाला.

पुढच्याच आठवड्यात नांदेडचे पालक बिथरले. पडद्यावरच्या सरांसाठी एवढी फी कशाला, म्हणून सगळे हॉलमध्ये तास बघायला येऊन बसले. धर्माबादचे ग्यानोबा मामा त्यांचे पुढारी. मिरचीचे व्यापारी, आणि बोलणंही मालासारखंच. आज पसंत पडलं नाही तर पोरं काढून नेणार होते. पोरं गेली की शाखा बंद, आणि शाखा बंद झाली की नासिरला कायमचं लातूरला जावं लागणार. त्याची आई सुलतानबी नांदेडात एकटी होती, आणि ती देगलूर नाका सोडून हलायला तयार नव्हती. त्यामुळे नासिर सकाळपासून मामांच्या पाठीपाठी फिरत होता.

“मामा, लातूरची लाइट जाऊ द्या, काही बी होऊ द्या. पडदा काळा पडणार न्हाई. माझा शब्द.”

“बघू की,” मामा म्हणाले.

तास रंगला होता. सर हात उंचावून म्हणाले, “आता ध्यान देऊन ऐका. हा प्रश्न परीक्षेत आला, की...”

आणि लातूरची लाइट गेली. मशीनं बॅटरीवर होती, पण कॅमेरा भिंतीतल्या बटणावर. कॅमेरा गप्प झाला. नियमानं आपलं काम केलं. पडदा काळा पडला नाही. पडद्यावर भिंतभर रत्नम्मा आली. ती सुपात तुरीची डाळ पाखडत होती.

पडद्याचं बटण तिनं कधी बंद केलेलंच नसे. एकदा बंद केलं की परत लागणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती. तिनं मान वर केली आणि तिला हॉल दिसला.

“अय्यो शिवा! एवढी लेकरं!” तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. “जेवलाव का रे?”

मागून एक आवाज आला, “न्हाई आजी!” आणि मग सगळा हॉल ओरडला, “न्हाई!” कारण जादा तास सरांनी ऐन जेवणाच्या वेळेला ठेवला होता.

“कुणी ठिवलं उपाशी?”

“सरांनी!”

नासिरनं धावत जाऊन तिची लाइन तोडली. नियमानं ती इमानदारीनं पुन्हा जोडली. त्यानं परत तोडली. रत्नम्मा परत हजर. एवढा पक्का नियम त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला होता. आता पडद्याची वायरच उपटावी म्हणून तो वाकला, तर मामांनी त्याचा खांदा धरला.

“काळा पडणार न्हाई म्हनलास ना? मग बस खाली.”

तिकडं शाखेचा व्यवस्थापक हनुमंत मोबाइलवर सरांना वर्दी देत होता. “सर, तुमच्या आई शिकवून राहिल्यात.”

“काय शिकवून राहिली?”

“चौथीत तुमी पाटी फोडून कणगीत लपला होता, ते. आता कणगीतून काढायचं चालू हाय.”

सरांनी घाईघाईनं निलंग्याचा फोन फिरवला. घंटी सगळ्या हॉलनं ऐकली. रत्नम्मानं रिसीव्हर उचलला, “गप बस जरा, पोरं ऐकून राहिलीत,” म्हणाली आणि तो डाळीच्या सुपात ठेवून दिला. हॉलमध्ये बाकं बडवली गेली. नासिरनं मनातल्या मनात लातूरच्या गाडीची वेळ आठवली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची अर्शिया उभी राहिली. “आजी, परीक्षेची लई भीती वाटती. रात्री झोप लागत नाही.”

रत्नम्मा हसली नाही. “भ्या वाटतंयच की गं. भुईच हलली तवा मला बी वाटलं. भिताड पडलं, मी लिंबाखाली बसले. भिताडाचं काही न्हाई वाटलं माय, माझं लेकरू नांदेडला काय करत असंल, त्यानं कुनाला इचारावं, ह्याचंच वाटलं. परीक्षा काय, परत बी देता येती. तू घरी फोन कवा केलीस?”

अर्शिया बोटांवर दिवस मोजायला लागली.

“करा गं. तिकडं कुनी तरी चुलीपशी बसून वाट बघून राहिलंय.”

त्या हॉलमध्ये जळकोटची, देगलूरची, मुरुडची, कुठकुठची पोरं होती, आणि कुणीच बाक बडवलं नाही. ग्यानोबा मामा उगाच टोपी काढून झटकत होते. त्यांचा स्वतःचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता आणि त्याला ते आल्यापासून एकाही शब्दानं बोलले नव्हते.

लातूरची लाइट आली. नियमानं रत्नम्माला अदबीनं बाजूला केलं आणि सर काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा हात उंचावून पडद्यावर अवतरले. “...की चार मार्क पक्के!”

हॉल इतका हसला की सरांनी स्वतःच्या शर्टाच्या गुंड्या तपासल्या.

तास सुटल्यावर पोरांनी हनुमंताच्या मोबाइलमधले पैसे घरी फोन करून करून संपवले. मामा पोराच्या खांद्यावर हात टाकून जेवायला निघाले. दारात थांबून नासिरला म्हणाले, “पोरगं इथंच ऱ्हाईल. पन शनवारी म्हातारीला बोलू द्या. सरापरीस लवकर समजतंय.”

दुसऱ्या दिवशी सरांनी नासिरला लातूरला बोलावलं. नासिर राजीनाम्याच्या तयारीनं गेला.

“शनवारचं मी कबूल केलंय. तेवढी वेळ सोडून मायला शिकवणीतून काढ,” सर म्हणाले. “कणगीचं आता लातूरच्या पोरांस्नी बी कळलंय.”

“वेगळा गट करतो सर. पन एकटीचा गट करता येत न्हाई.”

“का?”

“तिकडची लाइट गेली, लाइन तुटली, तर तिच्यामागं उचलायला कुनीच न्हाई. नुसती रिंग वाजत बसंल.”

असली रिंग सरांनी एकदा ऐकली होती.

“तुझी आई कुठं असती रे?”

“नांदेडला. देगलूर नाक्याला.”

“मग दोन नंबरला तिला बसव की.”

त्या गटाचं नाव नासिरनं ‘आई’ ठेवलं.

आता त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. नांदेडला क्लासची स्वतःची इमारत आहे, शिकवणारे चार सर आहेत, आणि भिंतभर पडदा नव्या पोरांना म्युझियममधला वाटतो. रत्नम्मा गेल्यालाही बऱ्याच दिवाळ्या झाल्या. पण लातूरला सरांच्या खोलीत ते जुनं यंत्र आणि त्यावरचं एक बटण आहे. दिवेलागणीला सर ते दाबतात. रिंग आधी निलंग्याच्या ओसरीत जाते. थोडी वाट बघते. मग नियमाप्रमाणे देगलूर नाक्याला वळते.

“जेवले का सर?” सुलतानबी विचारते.

“बसतोच आता, अम्मी.”

मधलं हे वाट बघणं काढून टाकू का, असं एका नव्या इंजिनिअरनं नासिरला विचारलं होतं. पहिला पत्ता कधीचाच उचलत नाही म्हणाला. नासिर म्हणाला, “राहू दे. गटात मोठ्या त्याच हायेत.”

परवा मात्र सुलतानबीनं सरांना थांबवून धरलं. “सर, तुमी रोज इचारता, अल्ला तुमाला लई उमर देवो. आमचा नासिर दिसला तर तो जेवला का ते बी सांगा. तिकडं लातूरला आठ-आठ दिस ऱ्हातो, एवढ्या गावाच्या लाइनी जोडतो, पन घरी फोन करायला त्याला टाइम न्हाई.”

सरांनी खुर्चीतूनच मागं वळून हाक मारली, “नासिर! इकडं ये. आधी अम्मीला जवाब दे.”