शुद्ध धान्याचा पिंजरा

कीटकनाशक फक्त कीटकांनाच मारतं. बाकी कुणाच्या वाटेला जायचं नाही, ही शिस्त त्याच्या अंगी बाणलेली असते. (डब्यावरची कवटी शोभेसाठी असते.)

तरीही प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंना शंका आली. त्यांच्या लेकीचे जंत काही केल्या हटत नव्हते. औषध दिलं की जायचे आणि हक्काच्या पाहुण्यांसारखे परत यायचे. डॉक्टर म्हणाले, "प्रतिकारशक्ती कमी पडतेय. भाज्या भरपूर द्या." बाईंनी दिल्या. पोर आणखी वाळली आणि जंतांनी बाळसं धरलं.

पोरीच्या खाण्यातच काही आहे का, हे कळल्याशिवाय बाईंना घास गोड लागेना. त्यांनी उंदरांचे दोन पिंजरे मांडले. डावीकडच्यांच्या खाण्यात फवारणीचं औषध, तेही कायद्याला चालतं तेवढंच. उजवीकडच्यांना शुद्ध धान्य. जंत मात्र दोघांनाही सारखेच दिले, उगाच पंक्तिप्रपंच नको.

डावीकडचे उंदीर लवकरच मलूल झाले. बाईंना उंदरांचं वाईट वाटलं आणि स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं. मग त्यांनी उजवीकडे पाहिलं. तेही तितकेच मलूल होते.

शुद्ध धान्य तपासलं, तर त्यातही औषध निघालं. बाईंनी दुकान बदललं. औषध निघालं. मग दुप्पट भावाचं, हिरव्या पानाचा शिक्का असलेलं धान्य आणलं. त्यात दोन प्रकारचं निघालं (भावाच्या मानाने ते रास्तच होतं). शेवटी धाकट्या भावाच्या शेतावरून पोतं मागवलं. त्यात सगळ्यात जास्त निघालं.

"अगं ताई," भाऊ दुखावून म्हणाला, "तुझ्यासाठी म्हणून फवारणीचे दोन हात जास्तच मारले. भाचीच्या तोंडी किडका दाणा जायला नको!"

बाईंनी सगळं विभागप्रमुखांच्या कानावर घातलं.

"दोन्ही पिंजऱ्यांत फरक आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. दोन्हीकडचे आजारी आहेत."

"सारखेच ना? मग औषधाचा परिणाम शून्य."

"पण उजवीकडचे कशाने आजारी पडले?"

"जंतांनी. तुम्हीच नाही का दिले?"

विभागप्रमुखांनी तसा अहवाल औषधांच्या तपासणी समितीकडे धाडला. समितीने औषध निर्धोक ठरवलं आणि धान्यातली त्याची मर्यादा दुपटीने वाढवायची शिफारस केली, म्हणजे पुढच्या प्रयोगात फरक तरी डोळ्यांना दिसेल. बाईंना रडू आलं. समितीला तो आनंद वाटला.

घरी लेक पोट धरून बसली होती. तिने पिंजरे पाहिलेले होते.

"आई, मी डावीकडची की उजवीकडची?"

"उजवीकडची गं बाळा," बाई तिचं ताट वाढत म्हणाल्या. "शुद्ध धान्यवाली."

(वाचकांनी हळहळत बसू नये. त्यांनाही उजवीकडेच ठेवलेलं आहे. जेवून घ्यावं.)