स्वच्छ नवरा

मिस्त्री संध्याकाळी घरी आला तो चकचकीत होऊन. बायकोच्या हातातली कात्री कापडातच अडकली.

ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाची नखं पांढरी दिसणं हाच मुळात पुरावा. त्यात गावातली गॅसची पाइपलाइन कंपनीने बंद केलेली. "एवढ्याशा गावासाठी परवडत नाही," म्हणाले, ऑफिसला कुलूप ठोकलं आणि गेले. दारावर 'अखंड गॅस, अखंड सेवा' ही लाकडी पाटी तेवढी मागे राहिली. मग लोक विजेवर आले आणि विजेचं बिल लोकांच्या अंगावर आलं. पहिलंच बिल बघून मिस्त्रीच्या बायकोने (गावात तिला सगळे टेलरबाई म्हणत) गिझरच्या बटणावर चिकटपट्टी मारली. आंघोळ फक्त रविवारी, तीही कोमट. एरवी गार पाण्याने हातपाय धुवायचे. आणि गार पाण्याने कधी ग्रीस निघालंय?

"कुठे होतात?"

"गॅरेजमध्ये. आणखी कुठे असणार?"

"गॅरेजमध्ये कानामागे फेस येतो?"

मिस्त्रीने कानामागे बोट फिरवलं आणि घाईघाईने पँटला पुसलं. "ते... पेट्रोलने हात धुतले ना."

"हल्ली पेट्रोलला गुलाबाचा वास येतो वाटतं!"

मिस्त्री जेवणाच्या ताटावर एवढा वाकला, की जणू त्यात इंजिन उघडून ठेवलंय. टेलरबाईने तेवढ्यात घराची झडती घेतली. मोडकं स्टूल गायब. माळ्यावरची शिडी गायब. कोपऱ्यातली खुर्ची होती, पण तिला पाठ नव्हती.

"लोक बाहेरच्या बाईला दागिने नेऊन देतात, तुम्ही फर्निचर नेताय? म्हणजे तिकडे संसारच थाटलाय की! ऐका, पुरावा सापडला ना, तर बॅग भरून आईकडे निघून जाईन. कायमची!"

मिस्त्री पांढराफटक पडला. "आईकडे नको! कुठेही जा, पण आईकडे नको!"

हे जरा विचित्रच होतं. सासू आणि जावई यांचं बोलणं बंद होतं. त्याने दुरुस्त केलेल्या पंपाने सासूबाईंची मागची भिंत पाडली होती, तेव्हापासून तो त्या गल्लीतूनसुद्धा जात नसे. 'फाटली याची,' टेलरबाईने ताडलं. 'म्हणजे बाई आहेच.'

गावात गरम पाणी असलंच तर ते पार्लरमध्ये असणार. दुसऱ्या दिवशी टेप गळ्यात तसाच ठेवून ती तिथे धडकली.

"माझ्या नवऱ्याला आंघोळ तू घालतेस?"

पार्लरवालीने डोक्याचा स्कार्फ सोडला. आतले केस बघून टेलरबाईच दोन पावलं मागे सरकली.

"गरम पाणी असतं तर हे पोतं डोक्यावर घेऊन मी धंद्याला बसले असते का गं?"

टेलरबाई वरमली. निघणार तोच पार्लरवालीने तिचा हात धरला. "थांब. आमचे हे पण हल्ली रोज भांग पाडून येतात. आणि परवापासून माझ्या कपाटाचा खण सापडत नाहीये."

मग पार्लर बंद झालं. चौकापर्यंत जाता जाता आणखी तिघी येऊन मिळाल्या. त्या तिघींचेही नवरे स्वच्छ होते.

पाचजणी गॅरेजसमोर टपून बसल्या. संध्याकाळी गॅरेज बंद करून मिस्त्री निघाला. त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"माझी इस्त्रीची फळी!" टेलरबाईने दात आवळले. "चला मागे. आवाज करू नका."

मिस्त्री गॅसच्या बंद ऑफिसवरून गेला, पूल ओलांडला आणि थेट टेलरबाईच्या माहेरच्या गल्लीत वळला. मागेपुढे बघून त्याने तिच्या आईच्या परसात उडी मारली, ती पडलेल्या भिंतीवरूनच.

आत वाफच वाफ होती. गावातले नवरे खांद्यावर टॉवेल आणि काखेत लाकूड घेऊन ओळीने उभे होते. मधोमध जुना तांब्याचा बंब धडधडत होता आणि त्याच्या शेजारी टेलरबाईची आई हातात चिमटा घेऊन बसली होती. सगळ्या गावाने पाइप घेतला तेव्हा तिने एकटीने बंब ठेवला होता, आणि सगळं गाव तिला हसलं होतं.

"एक फळी, एक बादली! प्लायवूड चालणार नाही! आत शिट्टी कोण वाजवतोय? आटपा! आणि त्या मिस्त्रीला कुणीतरी सांगा, जावई म्हणून मध्ये घुसायचं नाही!"

"आई!"

ओळ फुटली. एकजण साबणासकट तुळशीमागे लपायला गेला, पण तिथे झाड नव्हतं, नुसती कुंडीच होती. बंबाखाली टेलरबाईच्या स्टुलाचा शेवटचा पाय जळत होता.

बाहेरची बाई नाही हे कळून टेलरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढच्याच क्षणी तिचं डोकं फिरलं. "मी तिकडे गारठतेय, आणि तू गावभर पाणी वाटतेस? मला का नाही सांगितलंस?"

"तू लेक म्हणून फुकट आली असतीस. मग मी लाकूड कुठून आणू?"

"आणि यांच्याशी बोलणं बंद होतं ना तुझं?"

"आहेच की बंद. मी फक्त लाकूड घेते."

टेलरबाई बाकीच्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि पाचहीजणी ताडताड निघून गेल्या.

मिस्त्रीने काखेतली फळी खाली टाकली. "गेली. आईकडे जाईन म्हणाली होती हो!"

"अहो जावईबापू," सासूबाईंनी अखेर मौन सोडलं, "तिच्या आईकडेच उभे आहात तुम्ही."

थोड्याच वेळात पाचहीजणी परत आल्या. त्यांच्या खांद्यावर एक लांबलचक, जाडजूड पाटी होती. सासूबाईंनी 'अखंड'वर बोटाने टकटक केलं, 'सेवा'चा वास घेतला आणि मान डोलावली.

"अस्सल लाकूड आहे. पाचजणी केसांवरून न्हाल. पुरुष सगळे मागे व्हा! आणि जावईबापू, कुऱ्हाड घ्या."

दिवेलागणीच्या आत कंपनीची सेवा गावात पुन्हा सुरू झाली.