आक्कांच्या चपलेचा नंबर

दत्तूआप्पा रोज संध्याकाळी साडेपाचला बायकोची एक चप्पल हातात घेऊन घराबाहेर पडायचे. एकच. डाव्या पायाची, हिरव्या पट्ट्याची. तिची जोडीदारीण घरात दाराआड पडलेली असायची. देवळात नारळ न्यावा तशी ती चप्पल दोन्ही हातांत धरून ते समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जायचे, भिंतीलगत नीट मांडायचे, शेजारी स्वतःची एक ठेवायचे, आणि मग स्टीलच्या ताटावर पळी बडवून सगळ्या गल्लीला ओरडून सांगायचे, "या रं! नंबर लावा!"

नील, सई, परवा फोनवर तुम्ही मला तुमचा तो पिकलबॉल दाखवलात. बॅटा ओळीने ठेवून नंबर कसा लावतात, सर्व्हिस कमरेखालूनच का करायची, आणि जाळीजवळच्या पट्ट्याला चक्क किचन म्हणतात, तिथे उभे राहून हवेतला चेंडू मारायचा नाही, हे सगळे सांगताना तुम्हाला वाटत होते की आजीला हे नवीन आहे. आजी हसली ती वेगळ्या कारणाने. ऐंशीच्या आसपास, तुमचा बाबा अर्ध्या चड्डीत शाळेला जात होता तेव्हा, बेळगावात अनगोळच्या आमच्या गल्लीत मी हा खेळ रोज खेळत होते. आम्ही त्याला फळकूट म्हणायचो. तो परदेशातून आलेला नव्हता, दत्तूआप्पांच्या डोक्यातून आलेला होता.

आप्पा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. काम सुटल्यावर अनगोळात आमच्या समोर दोन खोल्यांचे घर बांधून राहायला आले, पण आवाज वखारीतलाच राहिला. "बाई, साखर हाय का?" एवढे विचारले तरी चार घरांतून साखर यायची. पांढरा पायजमा, कोपरी, काळी टोपी. वाद संपवायचा एकच मंत्र होता, "हाय ते हाय!" त्यापुढे अपील नाही.

आक्का म्हणजे त्यांची बायको. नंदगडच्या. गल्लीत सगळ्यात जास्त चालणारी बाई कोण म्हणून विचारले असते तर सगळ्यांनी त्यांचेच नाव घेतले असते. शनिवारच्या बाजारात काही घ्यायचे नसले तरी त्या जायच्या. "बगून येती की. बगायला काय पैसं पडत्यात?" अशा आक्का एका सकाळी घरातल्या मोरीत घसरून पडल्या. उजवा खांदा आणि गुडघा. प्लास्टर निघाले, हाडे जुळली, डॉक्टरांनी हात हलवा, हिंडा-फिरा म्हणून सांगितले. पण आक्का काही बाहेर येईनात. मी एकदा विचारायला गेले तर म्हणाल्या, "बाई, दारात दिसले की जो त्यो इचारतोय, काय झालं, कसं झालं. सांगून सांगून हाडापरास तोंड जास्त दुखतंय." आणि खिडकीत शेंगा फोडत बसल्या.

आप्पांना तेव्हा जगात एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी लपवली नाही. नळावर, पानपट्टीवर, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभे राहून ते सांगायचे, "हिला एकदा उंबऱ्याभाईर काढायची हाय." विनवण्या झाल्या, रागावून झाले, दारात रिक्षा आणून उभी करून झाली. रिक्षावाला चहा पिऊन परत गेला.

मग एका रविवारी आप्पांनी समोरच्या प्लॉटवरची काटेरी झुडपे तोडली आणि खेळ काढला.

चहाच्या रिकाम्या खोक्यांचे प्लायवूड कापून फळ्या केल्या. चेंडू लष्कराच्या कॅम्पातून आणलेले, टेनिसचे, लव झडून टकले झालेले. जाळीसाठी वखारीतली गोणपाटे जोडून शिवली. त्या गोणपाटांत वर्षानुवर्षांची तंबाखूची भुकटी मुरलेली होती. चेंडू जाळीला लागला की एक पिवळा ढग उठायचा आणि चारही खेळाडू शिंकायला लागायचे. त्यावर लगेच नियम झाला, शिंक आली तर पॉइंट परत. काही लोक मग हरायला आले की खोटे शिंकू लागले. रेघा आखल्या त्या चुन्याने. तुमचे आजोबा पहिल्या दिवशी सगळीकडे नजर टाकून म्हणाले, "जाळीत तंबाखू, खाली चुना. आप्पा, आता नुसते मळायचे राहिले."

प्लायवूडचा आवाज मात्र फार व्हायचा. टॉक, टॉक, टॉक. पलीकडे राहणारे हिरेमठ इंजिनियर एका संध्याकाळी लुंगी सावरत आले. "एन् सद्दु री इदु! डोकं फुटतंय की हो आप्पा!" आप्पांनी त्यांच्या हातात फळी दिली. "आवाज मारणाऱ्याला येत न्हाय सायेब, बसणाऱ्याला येतोय. मारून बगा." दुसऱ्या दिवशी ताट वाजायच्या आधी हिरेमठांची कोल्हापुरी रांगेत होती. गुण मराठीत मोजायचे की कानडीत यावर त्या दिवसांत आमच्याकडे खरीखुरी भांडणे होऊ शकली असती. आप्पांनी निकाल दिला, ज्याने त्याने आपले आपल्या भाषेत मोजावे. म्हणून डाव असा चालायचा, "आमचं तीन, तुमचं नाल्कु!" बरोबरी झाली की मला विचारायचे, मी ती इंग्रजीत सांगायची.

नंबरची पद्धत चपलेची. प्रत्येकाने एक चप्पल रांगेत ठेवायची आणि उरलेल्या चपलेवर बसून वाट बघायची. माझे वडील हिंडलग्याला दुसऱ्यांच्या शेतात राबले. त्यांच्या काळी कुणाच्या दारात चप्पल कुठे काढायची, याचाही धाक होता. आप्पांच्या रांगेत माझी चप्पल इंजिनियरांच्या चपलेला खेटून असायची आणि भांडण व्हायचे ते फक्त पुढे कोण आणि मागे कोण याचे. घोळही व्हायचे. तुमचे आजोबा एकदा दोन डाव्या चपला घालून बँकेत गेले आणि दिवसभर काउंटरबाहेर आले नाहीत. शेवटचा नियम सगळ्यात कडक होता. रांगेतली चप्पल एकदा पायात घातली की खेळलेच पाहिजे. माघार नाही.

आणि त्या रांगेत रोज हिरव्या पट्ट्याची ती चप्पल. तिचा नंबर आला की आप्पा खिडकीकडे तोंड करून ओरडायचे, "अगं, नंबर आला!"

"मी न्हाय येत. भात लावलाय."

आप्पा मुकाट्याने चप्पल उचलून रांगेच्या शेवटी ठेवायचे. पुन्हा नंबर आला की पुन्हा हाक.

"आज अमावस्या हाय."

"अमावस्या परवा झाली की गं!"

"माझी आज हाय."

मांजर व्याली, दूध उतू जाईल, डोळ्यात काजळ गेले, पाहुणे येणार आहेत. आज काय कारण येते यावर आम्ही पैज लावायचो, चहाची. आप्पा मात्र हसायचे नाहीत. चप्पल मागे ठेवताना तिच्यावरची धूळ बोटाने पुसायचे.

मला नियम आवडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कारणासकट. आप्पांच्या नियमांना कारण सापडायचे नाही. मी कॉलेजात बॅडमिंटन खेळलेली. सर्व्हिस कमरेखालून हे एक वेळ समजले, पण एकूणच हात खांद्याच्या वर नेला की आप्पा पॉइंट काढून घ्यायचे. दोन्ही बाजूंनी पहिल्या चेंडूचा टप्पा पडू द्यायचा, घाई करायची नाही. मैदान इतके आखूड की पळायला जागाच नाही. आणि जाळीजवळच्या पट्ट्याला ते मोरी म्हणायचे. तिथे पाय टाकून मारायचे नाही.

"का?" मी विचारले.

"बाई, नळाचं पाणी मुरतंय तितं. वल हाय. घसराल."

हे पटले. पण एप्रिल आला, नळाचे पाणी गेले, मोरी फुटाण्यासारखी कोरडी झाली. तुमच्या आजोबांनी पुढे सरसावून एक चेंडू धाडकन मारला. आप्पांनी पॉइंट काढून घेतला.

"आप्पा, मोरी वाळली की आता!"

"वाळली तरी मोरी ती मोरी."

"अहो, पण ओल नाही तर घसरणार कोण?"

"सायेब," आप्पा जरा हळू म्हणाले, "घसराया दर येळी वलच लागती असं न्हाय." मग मोठ्याने, "हाय ते हाय! सर्व्हिस!"

असे वर्ष गेले. हिरव्या पट्ट्याचा रंग उन्हाने उडाला. गल्लीला आता खात्री झाली होती की आक्का काही येत नाहीत. आप्पांपुढे कुणी बोलायचे नाही, पण चप्पल मागे जाताना लोक दुसरीकडे बघू लागले होते.

मग एके संध्याकाळी एका बाजूला आप्पा आणि तुमचे आजोबा, दुसऱ्या बाजूला हिरेमठ आणि मी. शेवटचा पॉइंट. आप्पांनी मारलेला चेंडू आमच्या मागच्या रेघेपाशी पडला.

"आत!" आप्पा गरजले.

"भायेर हो भायेर!" हिरेमठ म्हणाले. "चुना उडाला का? उडाला नाही!"

"चुना जुना झालाय, उडंल कसा? आत म्हंजे आत. हाय ते हाय!"

"आऊट हुता!"

हे कोण बोलले ते आम्हाला पटकन कळलेच नाही. खिडकीतून आवाज आला होता. वर्षभर त्या खिडकीने सबबींशिवाय काही दिले नव्हते.

"वीतभर भाईर हुता," आक्का म्हणाल्या. "मी बगिटलंय. आनि कालचाबी आऊट हुता. तुमी रोज खोटं खेळताय."

आप्पांनी फळी काखेत मारली. मग खिडकीकडे पाठ करून म्हणाले, "घरात बसून कौल देता येत न्हाय. हितं येऊन दावावं लागतंय."

"येऊन दावू?"

"दाव की."

"येऊ कशी? वरीसभर एक चप्पल पळवून ठिवलीया, आनि म्हणं भाईर ये!"

कडी वाजली. आक्का दारात आल्या. उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी. भिंत धरून, एकेक पायरी उतरून, गुडघा जपत, पण रागाने तांबड्यालाल होऊन. मी आधार द्यायला पुढे झाले. आप्पांनी पाठीमागे धरलेला हात हळूच हलवून मला थांबवले. सगळे जागच्या जागी उभे राहिले. आक्का मैदान ओलांडून आल्या आणि मागच्या रेघेपलीकडे मातीत उमटलेल्या खुणेवर अंगठा टेकवून म्हणाल्या, "ह्यो काय."

आप्पा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"आऊट," ते म्हणाले. आम्ही त्यांना निकाल फिरवताना पहिल्यांदाच पाहिले.

आक्का जिंकल्याच्या तोऱ्यात भिंतीपाशी गेल्या आणि रांगेतल्या आपल्या चपलेत पाय घातला. घरी जायचे होते त्यांना. पण हिरेमठ ओरडले, "आक्का! चप्पल पायात गेली! आता खेळायलाच पाहिजे, कायदा आहे!"

"कुनी केला ह्यो कायदा?"

आम्ही सगळ्यांनी आप्पांकडे बोट दाखवले.

आक्कांनी फळी घेतली. जाळीच्या पलीकडे त्या, अलीकडे मी. त्यांचा उजवा हात कमरेच्या जरा वर येऊन थांबला, तिथून पुढे तो जातच नव्हता. पण सर्व्हिसला त्याहून वर लागतच नव्हता. चेंडू माझ्याकडे आला, मी टप्पा पडू दिला आणि परत पाठवला. आक्का गुडघा ओढत एक पाऊल बाजूला सरकल्या. तिथेही टप्पा पडेपर्यंत वेळ होता. त्यांनी मारला. चेंडू माझ्यापुढे उंच, हवेत, अगदी सोपा. एक पाऊल पुढे टाकून धाडकन मारला असता तर पॉइंट माझा. मी पाऊल उचलले आणि खाली पाहिले. पुढे मोरी होती.

तेव्हा कळले. आखूड मैदान, खालचा हात, पहिला टप्पा, कोरडी मोरी. वर्षभर आम्ही सगळे एका बाईच्या मापाचा खेळ खेळत होतो आणि ती बाई आज आली होती.

मी चेंडू खाली पडू दिला आणि हळूच परत केला. आक्कांनी पुन्हा मारला. कडेने आरडाओरडा सुरू झाला, आत, भायेर, आऊट, आमचं दोन, तुमचं मूरु. काय झालं, कसं झालं, हे त्यांना कुणी विचारले नाही. कुणाला सवडच नव्हती.

आप्पा भिंतीकडे तोंड करून टोपीने डोळे पुसत होते. तुमच्या आजोबांनी विचारले, "काय झाले आप्पा?"

"तंबाखू गेली डोळ्यात. जाळी झटकाया पायजे एकदा."

मी जाळीसमोरच होते. चेंडू जाळीला एकदाही लागला नव्हता आणि शिंकही कुणाला आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताट साडेपाचच्या आधीच वाजले. कमरेच्या फार वर न जाणाऱ्या हाताने आक्का ते बडवत चालल्या होत्या, दोन्ही पायांत चपला घालून. मागून आप्पा येत होते. त्यांचे हात रिकामे होते, आणि त्या हातांचे काय करावे हे त्यांना काही केल्या सुचत नव्हते.