साळवे सरांचा बेडूक

साळवे सर न पाहिलेली वस्तू काढत नसत. चित्रकलेच्या शिक्षकाने असे म्हणणे म्हणजे आचाऱ्याने स्वतः जेवल्याशिवाय पंगतीला वाढणार नाही म्हणण्यासारखेच. शाळेसाठी भारताचा नकाशा रंगवला तेव्हा त्यांनी समुद्र कोरा सोडला. ते कोपरगावच्या पुढे गेले नव्हते, आणि तिथे गोदावरी होती, समुद्र नव्हता.

शेजारच्या बालवाडीने ‘ग गणपतीचा’ मागितला, तर सरांनी ‘ग गाढवाचा’ दिला. सर बौद्ध, त्यामुळे मुख्याध्यापकांना त्यात भलताच वास आला. पुढे जयंतीला कोणी बुद्धाचे चित्र मागितले, तेव्हा सर म्हणाले, “त्यांनाबी कुटं बघितलंय मी?” मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. गाढव मात्र हुबेहूब होते.

मुलांनो, तुम्ही फोनवर पारनेरच्या शाळेतल्या गमती विचारता. ही गंमत मी आजवर तुम्हाला सांगितली नाही, कारण तिच्यात मी आहे.

त्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. माझे शिक्षण पुण्यात, इंग्रजीतून. माझ्या टेबलावर खडूसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले असत. स्टाफरूममध्ये कोणी काश्मीरचे वर्णन करू लागले की कोपऱ्यातून सरांचा प्रश्न येई, “बघितलंय का तुमी?” आणि काश्मीर तिथेच संपे. मी त्यांचे ‘हाय’ आणि ‘न्हाई’ दुरुस्त करत असे. ते हसून मान हलवत आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘हाय’ म्हणत.

नव्वदनंतरच्या एका वर्षी शाळेची तपासणी होती. मी सरांकडे बेडकाचा तक्ता मागितला. त्यांनी आठवडाभर वेळ घेतला. रोज शाळा सुटली की ते माळाकडे जात, आणि दुसऱ्या दिवशी चपलांना तांबडी माती घेऊन येत.

तक्ता उलगडला आणि मी थक्क झाले. चिक्कूएवढा, गोल, मान नसलेला प्राणी. रंग मुरमाचा, त्यावर गडद ठिपके. मागचे पाय आखूड, टाचेला कसलेसे टेंगूळ. भोवती पाणी नाही, कमळ नाही. नुसते वाळके गवत, आणि मातीखाली वीतभर खोल तोच प्राणी अंग चोरून बसलेला. खाली नेहमीप्रमाणे लिहिले होते, ‘प्रत्यक्ष पाहून काढले. साळवे.’

मी म्हटले, हा बेडूक नाही. बेडूक हिरवा असतो, लांब तंगड्यांचा, तळ्याकाठी राहणारा.

“बघितलाय का तुमी, बाई?”

“पुस्तकात पाहिला आहे. आणि सर, आधी ‘आहे’ म्हणायला शिका, मग मला बेडूक शिकवा.”

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले. सरांनी तक्ता सावकाश गुंडाळला. दोन दिवसांनी त्यांनी पुस्तकातला हिरवा बेडूक आणून दिला. खाली काहीच लिहिले नव्हते. तपासणीच्या साहेबांनी त्याचे कौतुक केले, आणि ते मी घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात मी अंगणात लिंबाच्या रोपासाठी खड्डा खणवत होते. गड्याने हात थांबवला. कोरड्या मातीत एक ढेकूळ श्वास घेत होते. गोल, ठिपक्यांचे, मान नसलेले. मी ते मातीसकट डब्यात घेतले आणि सरांच्या खोलीवर गेले. माफी मागायची हे वाटेत ठरवले होते. वाक्यही जुळवले होते.

सर एकटे राहत. मला पाहून ते गोंधळले. शाळेतले कोणी इतक्या वर्षांत त्यांच्याकडे आले नव्हते. आधी शेजारून एक कप मागून आणला, चहा टाकला, मग डब्यात पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. टाचेचे टेंगूळ दाखवत म्हणाले, हे त्याचं खुरपं. ह्यानं माती उकरत उलटा आत जातो, पाठीकडनं. पाऊस पडला की चार दिवस डबक्यात, बाकी सारं वरीस मातीत.

मी जुळवलेले वाक्य तोंडात फिरवत होते. शेवटी विचारले ते एवढेच, की याला नाव काय.

“नाव न्हाई. कुनाच्या उपेगाचा न्हाई ना. कोन ठेवतंय नाव?”

मी उठले, तेव्हा त्यांनी कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना तक्ता काढला आणि माझ्या हातात दिला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “माजं नाव खोडून लावा, बाई. तुमाला सापडला म्हना. पोरांपुढं बाई चुकल्या, असं दिसाया नको.”

त्यांना सगळे कळले होते, आणि ते मलाच सांभाळून घेत होते. मी ‘बरं’ म्हटले आणि निघाले. बेडूक त्याच खड्ड्याशेजारी भुसभुशीत मातीत सोडला, तो खरोखरच उलटा आत गेला.

तक्ता मी लावला नाही, नाव खोडूनही नाही, नावासकटही नाही. हिरवा बेडूक मी निवृत्त होईपर्यंत वर्गाच्या भिंतीवर होता. सर रोज त्याच्यासमोरून जात आणि मला नमस्कार करत. तो उतरवायला एक स्टूल पुरले असते.