कोळेकर सरांची कानमोजणी

कोळेकर सर आपल्याशी बोलतात तेव्हा आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. मी एकदा मुलीच्या ॲडमिशनबद्दल पोटतिडकीने सांगत होतो, तर मध्येच म्हणाले, "तुमचा डावा कान लय खोल हाय हो."

सांगलीत ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. कॉलेजात शिकवतात, निदान पगार तरी त्याचाच घेतात. खरा उद्योग कानमोजणीचा. प्रत्येकाचा कान आवाजाला आपापल्या परीने वळण देतो, म्हणून आवाज पुढून आला की मागून हे आपल्याला कळतं, असं ते सांगतात. त्या कानाचं माप घेतलं की हेडफोनमधला आवाजही आपल्याभोवती फिरतो म्हणे. त्यासाठी त्यांनी बेडरूमच्या भिंतींना गाद्या ठोकल्यात. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खुर्चीत बसवायचं, दोन्ही कानांत मसुरीएवढे माइक घालायचे आणि "हलू नगा" म्हणत भोवतीने स्पीकर फिरवायचा. मुलगी बघायला गेले तेव्हा तिलाही केस कानामागे घ्यायला सांगितलं. स्थळ तिथेच मोडलं. सर हळहळले, पण कान मोजायचा राहिला म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात आटपाडीकडून त्यांचे वडील, आप्पा, आले. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून कोकराच्या कानाला खूण करायची त्यांच्याकडे रीत. दृष्टी गेल्यावर आप्पा कान चाचपून आपलं-परकं ओळखायचे, पण शेवटी कळप विकावाच लागला. इथे आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून बसत. जेवणही नावालाच.

सर गावी गेले, ज्याने कळप घेतला होता त्याच्या रानात बसून मेंढरांचे आवाज टिपून आले आणि आप्पांना हेडफोन लावला. आप्पांनी तो लगेच काढून ठेवला. "मेंढरं डोस्क्यात शिरल्यात," म्हणाले. गावभर कान मोजणाऱ्या सरांनी घाईत स्वतःच्याच कानाचं माप लावलं होतं. हे मी चार घरी तिखटमीठ लावून सांगितलं.

मग आप्पांचे कान मोजायचं ठरलं. पटका उतरवायला म्हाताऱ्याने दोन दिवस लावले.

रविवारी सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर दार उघडंच होतं. आप्पा हेडफोन लावून खुर्चीत ताठ बसले होते. मान हळूहळू डावीकडे वळली. "लंगडी मागं ऱ्हायली बघ," म्हणाले, आणि हात मागे खाली नेऊन दोन बोटांनी हवेत काहीतरी चाचपू लागले. बोटांना काही लागेना. चेहरा परत पडायला लागला.

सर पटकन गुडघ्यावर बसले आणि त्या बोटांखाली स्वतःचा कान धरला.

आप्पांनी तो वरपासून खालपर्यंत सावकाश चाचपला. मला माझीच लाज वाटली. पेपर न मागता मी मागे फिरलो, तेवढ्यात आप्पांचा आवाज आला.

"ह्ये माझंच हाय."