बुडाचे पोट्टे माडीवर

गुणवंतभाऊ पेशींना शिव्या घालतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की सुरू, "काहून बे, वर काय करून राहिला? तुही जागा खाली हाय ना!"

अकोल्याच्या आमच्या लॅबमध्ये ते वीस वर्षांपासून टेक्निशियन आहेत. मी तिथली डॉक्टर, पुण्याहून आलेली. पहिल्या दिवशी वाटलं, मलाच बोलताहेत.

आतड्यात पॉलिप म्हणजे मांसाचा कोंब आला, की त्याचा तुकडा आमच्याकडे येतो. त्यातलं एक प्रथिन आम्ही रंगवतो, मग वाढणाऱ्या पेशी तपकिरी दिसतात. निरोगी आतड्यात त्या अस्तराच्या तळाशीच असतात. वर दिसल्या तर लक्षण बरं नाही. कॅन्सर नसतो, पण वाट तिकडचीच. भाऊंच्या भाषेत, "बुडाचे पोट्टे माडीवर चढले."

रंगाला वेळ लागतो. मी घाई केली की म्हणतात, "मॅडम, थे का वांगं हाय, भाजलं का झालं?"

रिपोर्टात नुसतं 'कॅन्सर नाही' लिहिलेलं त्यांना चालत नाही. "पन कुठी हाय? 'पन' लिवा."

धारणीकडच्या सुमनबाईंच्या रिपोर्टात 'पण' होता. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीची तपासणी हवी होती. महिना झाला तरी रिपोर्ट न्यायला कोणी येईना, फोन बंद. मला विचारून भाऊ रविवारी स्वतःच निघाले. आधी बस, मग जीप.

सोमवारी म्हणाले, "रिपोर्ट वाचून दाखवला, तं बाई म्हने, कॅन्सर नाही ना, मंग कायले येऊ? दोन घंटे ओट्यावर बसलो. येतो म्हनल्यावरच उठलो."

"भाऊ, एवढं कशाला?" मी हसले.

ते हसले नाहीत. "माह्या मोठ्या भावाचा रिपोर्ट म्याच वाचून दाखवला होता, दर्यापूरले. 'कॅन्सर नाही' म्हनून पेढे वाटले. खालची ओळ वाचलीच नाही. दोन वर्सानं दवाखान्यात नेलं, तवा काही उरलं नोतं. आमी दोघंच होतो, मॅडम."

सहा महिन्यांनी सुमनबाई आल्या. आणखी एक कोंब निघाला, लहानसा, वेळेत काढला. जाताना त्या भाऊंना शोधत लॅबच्या दारात आल्या.

"घरी कोन कोन हाय तुमच्या?"

"मीच हावो."

"बहीन?"

"नाही."

"मंग दिवाळीले या माह्या घरी. रस्ता तं पाह्यलाच हाय."

भाऊ नुसतेच बाटलीवरचं लेबल पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे रजेचा अर्ज ठेवला आणि खाली बघत उभे राहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: भाऊबीज.